वारना गज

मी एक जुना गज आहे, मित्रांनो. गज म्हणजे हत्ती नव्हे, उगाच सोंड शोधू नका. कापड मोजायची लोखंडी पट्टी. अंगठ्याएवढी रुंद, सरळसोट, अंगावर पाव, अर्धा, पाऊण अशा तीन खाचा. चोपड्याला झुलाल आबांच्या घरी राहतो. आणि माझी लांबी एक वार आहे. हे शेवटचं वाक्य नीट वाचा. या एका 'वार'पायी भर बाजारात एका बाईची अब्रू पणाला लागली होती.

मला धुळ्याच्या एका लोहारानं घडवलं, आबांच्या वडिलांसाठी. ते बाजारोबाजार फिरून कापड विकायचे. माझ्याआधी ते हातानं मोजत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. रोज भांडण! गिऱ्हाईक म्हणे, तुझा हात आखूड आहे, माझ्या हातानं मोज. एकजण तर स्वतःच्या ताडमाड मेव्हण्यालाच घेऊन यायचा. मी आलो आणि हे सगळं मिटलं. मोजणारा उंच असो की ठेंगणा, मी तेवढाच. सरकारी माणसानं माझ्यावर शिक्का मारला त्या दिवशी मी नवरदेवासारखा फुगलो होतो. तुमच्या पणजीचं नऊवारी लुगडं होतं ना? त्यातले नऊ वार म्हणजे माझ्याएवढे नऊ. नऊ सोमवार नव्हेत.

मग मीटर आला.

माझ्यापेक्षा चार बोटं लांब. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. धुळ्यात मोजलेलं कापड देशात कुठंही न्या, तेवढंच भरलं पाहिजे. त्यासाठी सगळ्यांचं माप एक हवं. मी दाराच्या मागं गेलो. पुढं कैऱ्या पाडल्या, विंचू मारले, रात्री दाराला अडसर झालो. पण आबांनी मला मोडीत घातलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. गंजलेल्या लोखंडाला कोण घरात ठेवतं?

गेल्या वर्षी आबांना अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बाजार सुटणार असं सगळे धरून चालले होते. पण त्यांची सून रोहिणी म्हणाली, "मी जास." आणि कापडाची थानं काळीपिवळी जीपच्या टपावर टाकून ती सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजाराला जायला लागली. आबांचं नाव होतं तिथं. झुलालचं माप म्हणजे माप, डोळे मिटून घ्यावं.

एका बाजारी सकाळी घोळ झाला. थानं चढवता चढवता मीटरचा गज खाली पडला आणि काळीपिवळीचं चाक त्याच्यावरून गेलं. त्याचं धनुष्य झालं. रोहिणी धावत घरात आली, दाराच्या मागून मला ओढलं. खाटेवरून आबा ओरडले, "तो नको... वारना शे... वारना!" बाहेर गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. रोहिणीला 'नको' ऐकूच आलं नाही. वारना शे एवढंच कानात शिरलं. तिला वाटलं, आबा म्हणतात हा बाजारच्या वारचा गज, हाच ने. तिनं मान डोलावली आणि मला घेऊन पळाली.

मला तर आनंदानं काही सुचेना! किती वर्षांनी कापडाचा स्पर्श. लाल, पिवळं, कोरं करकरीत. मी सळसळ मोजत होतो. रोहिणी 'मीटर' म्हणत होती आणि मी वार देत होतो. ओरडावं तरी कसं? लोखंडाला तोंड नसतं.

तिची मान डोललेली बघून आबा निर्धास्त होते, आणि मी थानांच्या गाठोड्यातच राहिलो. पुढच्या बाजारी दुकान मांडून दोन गिऱ्हाइकं झाली असतील, तोच धनीबाई आली. डोंगराकडच्या पाड्यावरची, आबांचं जुनं गिऱ्हाईक. गेल्या बाजारी तिनं लेकीच्या लग्नाच्या घाघऱ्यासाठी लाल कापड नेलं होतं. आता तेच कापड तिनं रोहिणीच्या पुढ्यात आपटलं.

"पाच मीटर शे का हाई? शिंपी हसना माले. घाघराले घेर पुरत नही. मनी पोर लगीनमा नाचई कशी, पाय बांधीसनी?"

"मावशी, तुन्हा समोर पाच मोजीसनी दिनं व."

"पाच काय? पाच वीत का पाच हात?"

लोक जमले. मागून कुणीतरी टोमणा हाणला, "आबा खाटवर पडना, नि सुननी माप मारं!" मित्रांनो, बाजारात माप मारलं, म्हणजे कमी मोजून दिलं, हा शब्द एकदा चिकटला की निघत नाही. तिचं दुकान तर गेलंच असतं, पण आबांनी जन्मभर जपलेलं नावही गेलं असतं.

शेजारी सुकदेवचं चादरींचं दुकान. रोहिणीनं त्याचा मीटर मागितला. आम्हा दोघांना पेटीला टेकवून शेजारी शेजारी ठेवलं. मी चार बोटं कमी.

सुकदेव हळूच तिच्या कानाशी म्हणाला, "चूप ऱ्हाय. सांगी दे, धोयामा कापड आटनं."

किती सोपं होतं! कापड आटतं, हे सगळ्यांनाच माहीत. रोहिणी माझ्याकडे बघत राहिली. माझ्यावरचा जुना शिक्का तिनं अंगठ्यानं घासला. आणि एकदम कपाळावर हात मारला.

"अय माय! हाऊ वारना शे! आबा वरडी ऱ्हायंतात, वारना, वारना. माले वाटनं बाजारना वार!"

क्षणभर कुणाला कळेना. मग एक म्हातारा खो खो हसायला लागला. त्याला जुने वार आठवत होते.

रोहिणी हसली नाही. ती उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "माप कमी शे, चूक मनी शे. गेल्या बाजारले नि आज ज्यानी ज्यानी नेलं, बठ्ठा या. कमी पडनं तेवढं फाडी देस." त्याच लाल थानातून तिनं सुकदेवच्या मीटरनं धनीबाईचं उरलेलं कापड मोजलं, वर चार बोटं जास्त सोडून फाडलं. जोड चुण्यांत लपवायचा कसा, तेही सांगितलं. धनीबाईनं कापड घेतलं. पण कपाळावरची आठी न मोडता तरातरा निघून गेली. राग असा एका तुकड्यानं थोडाच जातो?

संध्याकाळी रोहिणीनं आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझी रवानगी भंगारात. पण आबांचं तोंड एका बाजूनं हललं आणि ते हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. अडखळत म्हणाले, "आठवडाले सातच वार ऱ्हातस व. हाऊ... आठवा!" रोहिणीला हसता हसता रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं शिक्क्याचा नवा मीटर आणला. आणि स्वतःच्या नेलपॉलिशनं माझ्या अंगावर लाल अक्षरांत 'वार' लिहिलं. इतक्या वर्षांत माझं नाव माझ्यावर कुणी लिहिलं नव्हतं. मित्रांनो, मी खोटा कधीच नव्हतो. मीटरही नाही. आम्हा दोघांत फक्त नाव सांगायचं राहून गेलं होतं. म्हणून एवढंच मागतो. गणितात असो की दुकानात, आकडा एकटा सोडू नका. त्याच्याजवळ त्याचं एकक बसवा. मीटर, किलो, लिटर, जे असेल ते. आणि घरातलं जुनं माप जपा जरूर, पण त्याचं नाव पुसू देऊ नका.

लग्नानंतरच्या बाजारी धनीबाई पुन्हा आली. धनीबाईनं निळं कापड निवडलं, "दोन मीटर दे," म्हणाली. रोहिणी नवा गज लावून मोजायला लागली. आणि धनीबाईनं मापाकडे चक्क पाठ केली. शेजारच्या बाईला लेकीच्या लग्नात कोण किती नाचलं ते सांगत बसली. कापड हातात येईपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.