बांधलेला पाय

बलभीमचा पाय बांधायचं काम हरणाबाईचं. दिवस उगवायच्या आधी ती दारातल्या कडुलिंबाखाली यायची आणि सायकल धरायची. नवरा झाडाला हात टेकून सीटवर चढला की खाली बसून त्याचा उजवा पाय जुन्या ट्यूबच्या पट्टीनं पायडलला करकचून आवळायची. डावा पाय नव्हताच. पाय असा बांधला की पायडल खाली दाबता येतं, वर ओढताही येतं, आणि एका पायाच्या माणसाला ही दोन्ही कामं त्या एकाच पायाकडून करून घ्यावी लागतात. मग कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दुधाचे रिकामे कॅन अडकवायचे, दांडीला कुबडी बांधायची, आणि हरणाबाईनं मागून धक्का द्यायचा.

एकदा सुटला की मधे थांबायची सोय नाही. थांबायचं तर हाताला धरायला काहीतरी लागतं. घरी लिंब होता, दूध सोसायटीसमोर लोखंडी खांब होता आणि धाराशिवला दूध घालायच्या ठिकाणी फाटक होतं. या तिन्हीच्या अधेमधे थांबला की माणूस सायकलीसकट आडवा. बेंबळीच्या अंगाचं आमचं गाव, सगळी काळी माती. सुरुवातीला त्या मातीत इतका लोळला की हरणाबाई त्याचे कपडे धुवायची नाही, नुसते झटकायची.

पाय गेला बहात्तरच्या दुष्काळात. पाझर तलावाच्या कामावर आम्ही सगळेच होतो, कोण खडी फोडायला, कोण माती उपसायला. सुरुंग उडाला आणि एक धोंडा बलभीमच्या गुडघ्यावर येऊन बसला. आम्ही बोंबलत धावलो. हा गडी शांत. त्यानं फक्त पाणी मागितलं. दवाखान्यातनं पाय कापून त्याला घरी आणला तेव्हाही त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला तर त्याचा रागच आला होता. माणसानं इतकं कोरडं असावं का? हरणाबाई म्हणायची, "त्या धोंड्याखाली पायाबरुबर आनिक कायतरी ऱ्हायलं त्येंचं. काय ते म्या बी हुडकायलेय."

नंतर वर्ष-दोन वर्षं तो मारुतीच्या पारावर बसून असायचा. येणारा-जाणारा हळहळायचा, चहा पाजायचा. तो चहा प्यायचा आणि समोरच्या रस्त्याकडं बघत राहायचा. गावात दूध सोसायटी निघाली तेव्हा धाराशिवला दूध न्यायला माणूस हवा होता. हरणाबाईनं भावाची पडीक सायकल आणून लिंबाला टेकवली आणि नवऱ्याला सांगितलं, चढा. ती सायकल आली आणि बलभीम पारावरून उठला. तो पुन्हा पारावर बसू नये, एवढंच त्या बाईचं मागणं होतं.

सोसायटीचे चेअरमन रामकिसन अण्णा. मनाचा चांगला माणूस, पण चारचौघांत मोठं दिसायची भारी हौस. एकदा त्यांच्या डोक्यात टेम्पो आला. शेजारच्या गावाचं दूध टेम्पोनं जातं, मग आपलं एका लंगड्याच्या सायकलीवर का, असं कोणीतरी त्यांना डिवचलं होतं. त्याच सुमाराला अपंगांचं वर्ष म्हणून धाराशिवला अपंगांच्या सायकल शर्यती जाहीर झाल्या. अण्णांनी बलभीमला बोलावून सांगितलं, "सोसायटीचं नाव काढ, दुधाचं काम तुझंच. मग टेम्पोबिम्पो काय न्हाय."

बलभीम व्हय म्हणाला. हरणाबाईनं ट्यूबची नवी पट्टी कापली.

धाराशिवच्या शर्यतीला आम्ही ट्रॅक्टर भरून गेलो होतो. सगळ्यांच्याच सायकली रिकाम्या. बलभीमला रोज भरलेले कॅन ओढायची सवय, त्याला ती रिकामी सायकल पोरखेळ वाटली असावी. सगळ्यांच्या पुढं, एकटाच आला. पण शेवटाला थांबायचं कशाला धरून? पाहुणे यायचे म्हणून रस्ता झाडून मोकळा केलेला, ना खांब ना झाड. आम्ही टाळ्या वाजवण्यात दंग. गर्दीतून हरणाबाई पुढं झाली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आणि बलभीमनं येऊन तिच्या खांद्यावर हात टाकला. भर बाजारात नवऱ्यानं बायकोचा खांदा धरला म्हणून बाया पदरात हसल्या. ती तशीच उभी राहिली, रोवलेल्या खांबासारखी.

तिथून औरंगाबाद, तिथून पुणं. पुण्यातही तो राज्यात पहिला आला. पेपरात फोटो छापून आला, त्यातही चेहरा तसाच. मी विचारलं, काय वाटलं रे पहिला आल्यावर? तर म्हणाला, "रस्ता चांगला हुता."

खंडेनवमीला गावानं सत्कार ठेवला. त्या दिवशी आमच्याकडं नांगर, कुऱ्हाड, खुरपी सगळी धुऊन पुसून पुजतात. सोसायटीच्या ऑफिसात दुधाची मापं मांडली होती आणि त्यांच्या मधे बलभीमची सायकल. हळद-कुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली. बलभीमला फेटा, शाल, नारळ. मग अण्णा बोलायला उठले. म्हणाले, असला हिरा आपल्या गावात आहे आणि आपण त्याला दूध वाहायला लावतो, ही गावाची नाचक्की आहे. आजपासून ही सायकल ऑफिसच्या भिंतीवर राहील, येणारा-जाणारा दर्शन घेईल. दुधासाठी टेम्पो ठरवलाय. अण्णा मनापासून बोलत होते, ते काही नाटक नव्हतं.

बलभीमनं विचारलं, "मग म्या काय करू?"

"तू बसून खायाचं आता," अण्णा म्हणाले. "लई राबलास."

टाळ्या झाल्या. चार गड्यांनी सायकल उचलून खुंट्यांना टांगली. तिच्या खाली एक खुर्ची ठेवली, ती बलभीमची.

तो त्या खुर्चीवर बसू लागला. तालुक्याचा साहेब आला की अण्णा आधी सायकल दाखवत, मग बलभीम. साहेब हात जोडायचा, चहा यायचा. बलभीम चहा प्यायचा आणि दारातून रस्त्याकडं बघत राहायचा. पारावरचा बलभीम बघितलेल्या माणसाला हे बघवत नव्हतं.

त्या साली परतीचा पाऊस आलाच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली, जमीन भेगाळली. दिवाळी झाली. एका सकाळी हरणाबाई ऑफिसात शिरली. अण्णा पेपर वाचत होते, आम्ही दोघं-तिघं दूध घालून टेकलो होतो. तिनं नवऱ्याला कुबडी दिली, उठवलं, आणि त्या मानाच्या खुर्चीवर चढून सायकलीला हात घातला. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या तिच्या डोक्यावर पडल्या.

अण्णा म्हणाले, "हरणाबाई, ही गावाची इज्जत हाय. भितीवरनं काढायची न्हाय."

"अण्णा, खंडेनवमीला आमी खुरपं पुजतो," ती खाली न बघता म्हणाली. "दसरा झाला की त्येच खुरपं घिऊन रानात जातो. तुमी बी नांगर पुजला असल. टांगला का मग भितीला?"

अण्णांनी पेपराची घडी घातली. मग ते अगदी हळू म्हणाले, "पर दूध तर टेम्पोनं जातंय, बाई. सायकल निऊन करायचं काय?"

तिनं सायकल खाली घेतली. चाकात हवा नव्हती, तशीच ढकलत घराकडं नेली. मागून कुबडीचा आवाज.

दुसऱ्या दिवशी पहाटे कॅनांचा खडखडाट ऐकून मी दारात आलो. बलभीम सायकलवर, पाय बांधलेला, कॅरिअरला दोन्ही रिकामे कॅन. सोसायटीच्या खांबाशी तो थांबेल असं वाटलं. थांबला नाही. तसाच धाराशिवच्या रस्त्याला लागला.

उन्हं उतरताना परतला. लिंबाला हात टेकला. हरणाबाई खाली बसून पट्टी सोडू लागली. मी जवळ गेलो, विचारलं, कुठं गेला होतास?

"धाराशिवला. फाटकाला हात लावून आलो."

"रिकामे कॅन घिऊन? कशापायी रं?"

हरणाबाईचे हात थांबले. बलभीमनं तिच्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं.

"पाय बांधल्याव कुठंतरी जावंच लागतंय," तो म्हणाला.