सहावा माणूस, हात खाली

हिलाल बोरसेची टीममधली जागा गेली.

हे वाक्य कोणी वाचलं असेल तर त्याने ते विसरून जावं. असं काही झालेलंच नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा हिलाल हा सुरतेतल्या लिंबायतच्या नवयुवक बास्केटबॉल मंडळाचा सेंटर आहे. वय एकोणचाळीस, उंची पाच फूट दहा इंच, आणि बास्केटखाली त्याची जागा इतकी पक्की, की तिथल्या सिमेंटवर त्याच्या बुटांचे दोन डाग पडलेत.

सेंटरने काय करायचं? समोरच्याने बॉल टाकला की हात उंच करून अडवायचा. हिलाल हे काम बारा वर्षं कमरेवर हात ठेवून करत आला होता. यात आळस नव्हता. मंडळातले सगळे धुळे-जळगावकडचे, आणि सगळे एकाच लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला. तिथे शंभर मशीन एकदम धडधडत असतात, म्हणून माणसं हातांनी बोलतात. एक बोट गोल फिरवलं तर चालू ठेव. एक हात वर केला तर धाग्याची बॉबिन संपली. दोन्ही हात वर म्हणजे सगळं बंद, कोणीतरी अडकलंय. हा शेवटचा इशारा दिसला की माणूस विचार करत नाही, थांबतो. टीममधल्या मगनने एकदा विचार केला होता; तेव्हापासून तो साडेआठ बोटांनी खेळतो.

त्यामुळे कोर्टावरही आपल्यातल्या कोणी दोन्ही हात वर केले की सगळी टीम जागच्या जागी थिजायची. हिलालने हे पहिल्याच मॅचमध्ये ओळखलं आणि हात जे कमरेवर ठेवले ते ठेवलेच. इच्छापोरची टीम त्याच्या डोक्यावरून आरामात बास्केट करायची. सलग नऊ वर्षं मंडळ पहिल्याच फेरीत बाहेर.

"भो, यंदा बाहेरून माणूस आणू," कॅप्टन योगराज म्हणाला.

"बाहेरून म्हणजे? शेजारचं उधना?" मगनने विचारलं.

"दक्षिण सुदान."

"ते कोठे शे?"

"उधन्याच्या पुढे."

माणसाचं नाव माजोक. सुरतेत कापडाचं शिक्षण घ्यायला आलेला, उंची सहा फूट अकरा इंच. नियमाप्रमाणे टीमला बाहेरचा एक खेळाडू घेता येत होता. पण अनोळखी माणूस घ्यायचा कसा, याची मंडळाला एकच रीत ठाऊक होती. रविवारी सकाळी योगराजच्या घरी बघण्याचा कार्यक्रम ठेवला. पोहे केले. योगराजची आई मालतीबाई मंडळाची अध्यक्ष होती, कारण बॉल तिच्या पलंगाखाली असायचा.

"पंखा बंद करा रे," ती म्हणाली, "पाव्हणा उभा राहतोय."

माजोक वाकून आत आला, सगळ्यांना नमस्कार करून बसला, तरी उभ्या हिलालच्या छातीला लागत होता.

"घरी कोण कोण?" मालतीबाईने विचारलं.

"पापा टीचर है. माँ है. पाँच बहन," माजोक सुरती हिंदीत म्हणाला. "गाय लोग चाचा के पास है."

"किती गायी?"

"एक सौ तीस."

तिथे बसलेल्या सगळ्यांच्या सगळ्या नातेवाइकांच्या मिळून सात म्हशी होत्या.

"पोरगा शिकलेला, घरचं बरं," मालतीबाई म्हणाली. "बाबा, जरा हात करून दाखव. किती पोचतो बघू."

माजोकने दोन्ही हात वर केले. ते छताला टेकले. त्याबरोबर मगनचा चमचा हवेत थांबला, टीममधल्या सुकदेवने चहा ओतणं थांबवलं, आणि चौथा खेळाडू धुडकू उठून घराचा मेन स्विच बंद करून आला.

हिलालने हे पाहिलं आणि दुसरी बशी पोहे मागून घेतले. आज पहिल्यांदाच ते त्याला गोड लागले. ही सोयरीक जुळत नव्हती.

दुपारी कोर्टावर ट्रायल झाली. समोर धुडकूच्या भाच्याची कॉलेजची टीम होती. हिलाल बाहेर बाकावर. पहिल्या मिनिटाला एक पोरगा बास्केटखाली घुसला, त्याने बॉल टाकला, माजोकने तो अलगद हवेतच थोपवला. असं थोपवणं लिंबायतने पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही धड पाहिलं नाही, कारण मंडळाचे उरलेले चौघं थिजले होते. बॉल टप्पे घेत घेत पुन्हा त्याच पोराकडे गेला. त्याने सावकाश बास्केट केली.

माजोकने अकरा शॉट अडवले. अकराही वेळा बास्केट झाली.

"एकच हात कर रे बाबा!" योगराज ओरडला. माजोकने एक हात वर केला. सुकदेव बॉबिन आणायला कोर्टाबाहेर पळाला.

मालतीबाईने पदर खोचला. "स्थळ चांगलं आहे, पण योग नाही."

हिलालला इतकं हलकं वाटलं, की तो बाकावर आडवाच होणार होता. तेवढ्यात माजोक त्याच्यापाशी येऊन उकिडवा बसला. एवढा मोठा माणूस पोरासारखा बावरला होता.

"हिलालभाई, सब बोलते हैं आप बारा साल से सेंटर हो. आप हाथ कहाँ रखते हो? मेरे को सिखाओ."

हिलालने कमरेवर हात ठेवून दाखवले.

माजोकने नीट पाहून घेतलं, कोर्टात गेला आणि बास्केटखाली त्याच दोन डागांवर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. चष्मेवाला एक बुटका पोरगा आला, त्याच्या छातीसमोरून बॉल टाकला, बास्केट झाली. माजोकने वळून हिलालकडे पाहिलं. बरोबर ना?

बारा वर्षांत हिलालने स्वतःला बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, तेही सात फुटांच्या आकारात.

"आते काय..." तो पुटपुटला. उठला, चपला घालूनच कोर्टात शिरला आणि मधोमध उभा राहिला. "माजोक! हात वर कर. दोनो."

"ए भो, सहा जण झाले!" योगराज ओरडला.

"तू गप खेळ."

पुढचा शॉट आला. माजोकने दोन्ही हात वर करून तो अडवला. चौघं थिजले. हिलालने चौघांना दिसेल असं बोट गोल गोल फिरवलं. चालू ठेव. आणि मशीन सुरू झालं. बॉल मगनच्या साडेआठ बोटांत, तिथून सुकदेवकडे, तिथून बास्केटमध्ये. पुढच्या दहा मिनिटांत कॉलेजच्या पोरांना एकही पॉइंट मिळाला नाही. शेवटी शेवटी तर माजोक हात वर करायच्या आधी हिलालकडे बघून हसायला लागला.

"हा चालेल," मालतीबाई म्हणाली. "याच्या साखरपुड्याचा नारळ मी देते."

मग हिलालने बाकावरून बोट फिरवून पाहिलं, पण लोकांच्या गर्दीत ते कोणाला दिसेना. माणूस मधोमध हवा. आणि कोर्टात माणसं पाचच. संध्याकाळी पाचांची यादी झाली, तिच्यात हिलालचं नाव नव्हतं. ते वरचं विसरलेलं वाक्य आता आठवायला हरकत नाही. माजोकने मात्र त्याला रिक्षापर्यंत सोडलं आणि म्हणाला, "आप नहीं तो मशीन बंद, हिलालभाई." हिलाल घरी पोचेपर्यंत शीळ घालत होता. जेवण झाल्यावर बायकोला, उज्ज्वलाला समोर बसवून त्याने स्पर्धा समितीला द्यायचा अर्ज सांगितला. तिने तो सुवाच्य मराठीत लिहिला. समितीत सगळे गुजराती, मराठी वाचता येणारं कोणी नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

*प्रति,*
*मा. सचिव, स्पर्धा समिती, सुरत*

*विषय : कोर्टात सहावा खेळाडू मंजूर होणेबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, आमच्या मंडळास पाच खेळाडूंव्यतिरिक्त एक जास्तीचा इसम कोर्टाच्या मध्यभागी उभा करण्याची परवानगी मिळावी. सदर इसम बॉलला हात लावणार नाही, धावणार नाही व कोणास अडवणार नाही. त्याचे दोन्ही हात संपूर्ण सामन्यात खांद्याखालीच राहतील. तो फक्त एक बोट फिरवील. सदर बोटास खेळाडू समजण्यात येऊ नये, तसेच सदर इसमाच्या बुटांचे डाग बास्केटखालून मध्यभागी हलविण्याचा खर्च समितीने सोसावा, ही नम्र विनंती.*