खुरटं रान

चिमट्यात धरलेलं चिमुकलं पान त्यानं काटेरी फांदीला चिकटवलं आणि श्वास रोखून हात मागे घेतला. तेवढ्यात मागून संचालकबाई म्हणाल्या,

"छान. पण मुख्य वस्तू कधी येणार?"

"हीच मुख्य वस्तू."

"ही झुडपं?"

संग्रहालयातल्या मोठ्या काचेआड खुरटं रान उभं करायचं काम त्याच्याकडे होतं. पाच महिने फोटो समोर ठेवून त्यानं एकेक झुडूप खऱ्याएवढं घडवलं होतं. शेजारी घनदाट जंगलाचा देखावा होता. तिथे तोंडभरून कौतुक करून माणसं इकडे वळली, की एकच पालुपद : रिकामं वाटतं.

"लोक म्हणतील, काम अर्धवट राहिलं," बाई म्हणाल्या. "एखादं मोठं झाड तरी लावा. नाहीतर उद्या इथे मी पडदाच ओढून ठेवते."

त्या गेल्या. त्यानं चिमटा आपटला. झाड लावा म्हणे! मग खाली बाक टाका, बाजूला कारंजंही उडवा!

"फार गुबगुबीत झालीत."

फरशी पुसायच्या मावशी काठीवर हनुवटी टेकून बघत होत्या.

"आता तुमचंच ऐकायचं राहिलं होतं, मावशी."

"पानं हुबेहूब आहेत हो. पण शेळ्या इतकी ठेवतात होय?" त्यांनी कमरेपाशी हात धरला. "इथवर सगळं कुरतडलेलं असतं. मग झुडूप आडवं पसरतं. इतकं पसरतं, की शेळीचं तोंड मधोमध पोचत नाही. तेव्हा कुठे आतून एक फांदी सरळ वर निघते."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. तणतणत त्यानं फोटो ओढून घेतले. प्रत्येक झुडपाच्या कडा बोडक्या होत्या. त्या वाळलेल्या समजून त्यानंच, एकेक पान लावून, भरून काढल्या होत्या.

मग त्यानं कात्री उचलली.

"कुठून कापू?"

"द्या इकडे," म्हणत मावशींनी चपला काढल्या.

संध्याकाळी संचालकबाई आल्या त्या पडदा घेऊनच. काचेपाशी थबकल्या, वाकल्या. कुरतडलेल्या कडांवरून त्यांची नजर हळूहळू मधल्या उंच फांदीकडे गेली.

"हे सगळं खाल्लं कुणी?"

तो मावशींकडे बघत राहिला. त्यांनी फडकं बादलीत पिळलं.

"चाळीस होत्या आमच्याकडे," त्या म्हणाल्या.