पाच पाट्यांखालचा पुदिना

जरा खाली वाका, म्हणजे ऐकू येईल. मी पुदिना आहे. उंचीने वीतभर, पण बोलायला लागलो की थांबत नाही. पसरायला लागलो तरी थांबत नाही. आमच्या कुळाचा तो स्वभावच आहे आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

बी पेरून वाट बघत बसणं आमच्यात नाही. कुणीतरी एक काडी तोडतं, पाण्यात ठेवतं, तिला मुळं फुटतात, की झाला आमचा जन्म. मीही असाच एका रोपवाटिकेत वाढलो. तिथून मला एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस घेऊन गेला. त्याला मी घड्याळजी म्हणतो. त्याच्या पिशवीत माझ्याबरोबर आणखी चौघं होते: पेपरमिंट, लेमन मिंट, चॉकलेट मिंट आणि पानांना पांढरी किनार असलेला अननस मिंट. नावं मोठी, अंगात जीव बेताचा.

"प्रत्येकाला वेगळी कुंडी द्या हं," रोपवाटिकेची मालकीण म्हणाली. "हा साधा दिसतोय ना, हा फार घुसखोर असतो."

"राहतील की एकत्र," घड्याळजी म्हणाला.

घराच्या मागे नळापाशी एक जुना आंघोळीचा टब होता. त्यात त्याने आम्हा पाच जणांना ओळीने लावलं आणि प्रत्येकाच्या पुढ्यात नावाची लाकडी पाटी खोचली. अक्षर असं, की एक काना वाकडा सापडायचा नाही. घड्याळात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण झाडांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

एवढा पुदिना कशाला, म्हणाल. सगळा त्याच्या बायकोसाठी. ती साबणाच्या कारखान्यात वास तपासायची. नवीन खेप आधी तिच्या नाकाखालून जायची. तिने हो म्हटलं तर पुढे, नाहीतर परत. सगळा कारखाना तिला नाकबाई म्हणायचा आणि तिलाही ते आवडायचं. मग तिला ताप आला, आणि उतरला तो तिचं वास घेणं बरोबर घेऊनच. दूध करपून भांडं काळं झालं तरी तिला पत्ता नसायचा. डॉक्टर म्हणाले, रोज वास घ्या, ओळखायचा प्रयत्न करा, नाक पुन्हा शिकतं. कारखान्याने तोवर तिची जागा राखून ठेवली होती.

"पुदिन्या-पुदिन्यातला फरक कळला, की मी कामाला लायक झाले," ती म्हणाली होती. "आमच्याकडे सगळ्यात अवघड तेच."

म्हणून रोज सकाळी घड्याळजी प्रत्येक पाटीखालची पानं खुडायचा, पाच वाट्यांत चुरडायचा आणि झाकून तिच्यापुढे ठेवायचा. तिने डोळे मिटून वास घ्यायचा आणि नाव सांगायचं. टबाकडे मात्र तिने फिरकायचं नाही, अशी त्याची सक्त ताकीद. "पेपर आधी बघायचा नाही," तो म्हणायचा.

पहिले कित्येक महिने तिला काहीच कळलं नाही. वाटी नाकाशी धरायची आणि नुसती मान हलवायची. मी आपला आत जीव तोडून दरवळतोय!

टबात मात्र मी रिकामा बसलो नव्हतो. मातीखालून माझे धुमारे निघाले. लेमन म्हणाला, "जरा सरक ना." मी सरकलो, पण त्याच्याच बाजूला. अननस जात्याच भित्रा, त्याला विचारायचीही गरज पडली नाही. मग थंडी आली. आम्ही सगळेच वाळून गेलो आणि टबात नुसत्या पाच पाट्या उरल्या. थंडी सरली तेव्हा पाचही पाट्यांखाली कोवळी पानं वर आली. पाचही ठिकाणी मीच. बाकीचे चौघं आलेच नाहीत. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण जागा छान मोकळी झाली होती.

घड्याळजी खूश. अननसाची पांढरी किनार काही दिसेना, तेव्हा तो जरा थबकला. मग स्वतःशीच म्हणाला, "थंडीने रंग उडाला असेल." पाटीवर अननस लिहिलंय ना, मग तो अननसच. लिहिलेलं दिसलं, की माणूस बघायचंच बंद करतो, ही मला मोठी गंमत वाटते.

आणि नेमकं त्याच दिवसांत तिचं नाक परत आलं. एका सकाळी तिने वाटी नाकाशी धरली आणि तशीच धरून ठेवली.

"अहो, पुदिना," ती म्हणाली. "साधा."

घड्याळजीने घाईघाईने दुसरी वाटी पुढे केली.

"हाही साधा." मग तिसरी, चौथी, पाचवी. "सगळे साधेच वाटतात हो."

त्याचा चेहरा उतरला. "वास यायला लागला, हे काय कमी आहे? फरकही कळेल हळूहळू."

वाटीत माझी नुसती तळमळ. अगं बाई, बरोबर आहेस तू! पाचही वाट्यांत मीच आहे! पण मला तोंड कुठंय? वासाने जे सांगायचं ते मी सांगितलं होतं, आणि तिने ते अचूक ऐकलंही होतं.

पुढे चहा, कांदा, ओले कपडे, सगळ्याचा वास तिला येऊ लागला. पुदिन्यात मात्र रोज नापास. तो बिचारा मदत करायला जायचा.

"नीट घे. लिंबू आठवतंय का?"

"नाही हो."

"जरासं?"

"तुम्ही म्हणताय म्हणून हो म्हणू का?"

त्यात घड्याळजीची थोरली बहीण राहायला आली. थेट टबाशी आली, पाटी वाचली, माझं पान हुंगलं आणि म्हणाली, "काय लिंबू आहे गं!" दोन पावलं सरकून पुन्हा माझंच पान. "आणि हे तर अगदी चॉकलेट!" ते दुधात घालून प्यायलीसुद्धा, वर म्हणाली, साखरही लागली नाही. मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण माझ्याकडे दोन्ही नाहीत.

नाकबाई दारात उभी राहून ऐकत होती. "ताईंनासुद्धा कळतं," ती हळूच म्हणाली. "मलाच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून फोन आला. सोमवारी येऊन चाचणी द्या, नसेल जमत तर पॅकिंगमध्ये जागा आहे.

"मी सांगून टाकते, पॅकिंगच द्या," ती म्हणाली.

"अगं, एकदा जाऊन तर बघ."

"काय बघू? चारचौघांत सगळ्यालाच साधा पुदिना म्हणू? त्यापेक्षा आपणहून खोकी भरलेली बरी." ती ताडकन उठली. "नको मला तो पुदिना. उपटून टाकते."

आणि ती तडक बाहेर आली. लेमनच्या पाटीखाली तिने मला मुठीत धरलं आणि रागाने ओढलं. नुसती जुडी निघाली नाही. मातीखालून माझा पांढरा दोर निघत गेला. तिने आणखी ओढलं. चॉकलेटची पाटी आडवी झाली, पेपरमिंटची कलंडली, अननसाची मातीसकट तिच्या पायावर पडली. दुखत होतं, खोटं कशाला सांगू? पण जन्मभर घट्ट धरून बसायची सवय असलेला मी त्या दिवशी भराभर सुटत गेलो.

ती हातातल्या लांबलचक मुळाकडे बघत राहिली.

"अहो, इकडे या. हे सगळं एकच आहे."

घड्याळजी मुळाचं एक टोक धरून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. परत आला आणि टबाच्या काठावर बसला.

"म्हणजे तू रोज बरोबर सांगत होतीस."

"आणि तुम्ही रोज मला नापास करत होतात."

त्याने अननसाची पाटी उचलली आणि उलटी करून ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडाने ती हसत होती, इतकी की बहीण धावत बाहेर आली.

"ताई, कालचं चॉकलेट कसं लागलं हो?"

"छान होतं की!" ताई म्हणाली. मग काय, नवरा-बायको दोघंही हसत सुटली.

माझं म्हणाल, तर बहुतेक सगळा किटलीत आणि सरबतात गेलो. एक काडी तेवढी उरली, ती स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याच्या पेल्यात उभी आहे. तीच आता तुमच्याशी बोलतेय. कुणी पुदिना लावणार असाल तर एकच सांगणं: प्रत्येकाला वेगळी कुंडी द्या. मला समजावण्यात वेळ घालवू नका, मी ऐकणार नाही.

सोमवारी नाकबाई कारखान्यात गेली. घड्याळजीने दुकान उघडलंच नाही, दिवसभर आत-बाहेर करत होता. संध्याकाळी ती आली. तिच्या अंगाला साबणाचा वास होता.

"काय झालं?"

"एक अख्खी खेप परत पाठवली."

"गेल्या गेल्या?"

"सगळे म्हणत होते गुलाब आहे, खोक्यावर लिहिलंय." तिने चपला काढल्या आणि पदराने घाम पुसला. "मी म्हटलं, लिहिलेलं असू दे."