मुकी हवाई

मकबूल आतषबाजाचा मुनवर समुद्रात बुडून मेला. मग कचेरीनं कळवलं की असं काही झालेलंच नाही. सरकारचा शब्द मोडणारे आपण कोण? तेव्हा मुनवर जिवंत आहे आणि तेरखेड्यात बापाशेजारी बसून हवाईच्या नळीत दारू ठासतोय, असं धरून चालू.

तिकडं तुर्कस्तानात भूकंप झाला होता. भर बर्फात माणसं उघड्यावर पडली होती. निजामी अंमल, सरकारनं मदत पाठवायची ठरवली, आणि तुळजापूरच्या पुजाऱ्यापासून माळावरच्या धनगरापर्यंत सगळ्यांनी घोंगड्या दिल्या. मुंबईत जहाजही ठरलं. आता जहाज अडचणीत आलं की आभाळात लाल हवाया, म्हणजे दारूचे बाण, सोडाव्या लागतात. त्या मुंबईत मिळेनात, कारण लढाई जुंपली होती आणि सगळी दारू माणसं मारायच्या कामात अडकली होती. म्हणून ज्या गावानं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, त्या गावाला हुकूम आला.

हुकूम घेऊन कचेरीतला पेशकार शिवलिंगप्पा आला.

"मकबूलमियाँ, हवाई वर जावी, लाल उजेड पडावा, विझावी. बस. फुलं नकोत. जहाज बुडाय लागलं की सोडायची हाय."

"आन् बुडालं न्हाय तर?"

"तर परत आणून जमा करायच्या. सरकारी माल हाय."

"आन् बुडालं तर?"

शिवलिंगप्पानं कागद उलटा करून पाठीमागं बघितलं. तिथं काही लिहिलेलं नव्हतं.

हवाया सांभाळायला जाणता माणूस पाहिजे होता, म्हणून मुनवरचं नाव लागलं.

वर जाऊन नुसतीच विझणाऱ्या हवाईला तेरखेड्यात मुकी म्हणत. ती कुणी मागत नसे, कुणी करत नसे. घरच्या माणसाच्या हातात मुकी देणं म्हणजे त्याला कायमचा निरोप देणं, अशी कारागिरांची समजूत.

"पोराच्या हातात मुकी देता व्हय?" शरिफाबीनं नवऱ्याला विचारलं.

"सरकारी हुकूम हाय."

"सरकारचं पोरगं चाललंय का?"

मकबूल नळ्या भरायला बसला. त्यानं प्रत्येक नळीत लाल तर भरलंच, वर हिरव्या-पिवळ्या फुलांचा मसालाही भरला. नवरदेव वेशीत आला की सोडतात, तसा.

मुनवर हसला. "अब्बा, ही बघून वाचवायला कोण येईल? वऱ्हाड?"

"दिसल्याशी मतलब. दिसली की येतेत लोक."

मुनवर गेला. उन्हाळा लागला तेव्हा येडशीला गाडीतून उतरून, चालत चालत एक खलाशी दारात आला. रत्नागिरीकडचा लालमहंमद, त्याच जहाजावरचा. पोराचा निरोप असेल म्हणून मकबूलनं लगबगीनं घोंगडी अंथरली.

"चाचा, त्या हवाया तुम्ही केल्या?"

"व्हय."

"जिंदगीत असल्या बघितल्या नाहीत!"

जहाज कशावर आदळलं ते कळलं नाही, तो सांगू लागला. तिन्हीसांजेला तळात पाणी शिरलं. घोंगड्यांनी ते पिऊन घेतलं आणि जहाज आणखी जड झालं. तेवढ्यात समोरून, लढाईत नसलेल्या कुठल्याशा देशाचं मोठं जहाज चाललं होतं. मुनवरनं हवाया सोडल्या. लाल, मग हिरवी फुलं, मग पिवळी. त्या जहाजावरची माणसं कठड्याशी गोळा झाली. टाळ्या वाजवल्या. एकानं टोपीसुद्धा हलवली.

"मग?"

"मग तीनदा भोंगा दिला. सलामी. आणि गेले पुढं."

"मुनवर?"

"मी फळी धरून तरलो. तो शेवटपर्यंत सोडत होता, चाचा. एक फुसकी निघाली नाही."

मकबूलच्या हुन्नराला एवढी दाद कधी कुणी दिली नव्हती. शरिफाबीनं खलाशाला भाकरी वाढली. मग दुसरी वाढली. तो नको नको म्हणत राहिला, ताटात चळत झाली, तरी तिचा हात थांबेना.

मकबूल कचेरीत गेला. पोरगं मेलं एवढं तरी कुणी म्हणावं, एवढंच त्याला पाहिजे होतं.

शिवलिंगप्पानं त्याला बाजूला घेतलं. "मकबूलमियाँ, मदत पोचली म्हणून वर कळवून झालंय. तिकडनं आभाराची तार आली. आता जहाज बुडालं म्हणलं तर आभार खोटे पडतेत. दोन राज्यांच्या दोस्तीचा सवाल हाय."

"मग माझं पोरगं कुठाय?"

"जहाजावर."

"आन् जहाज?"

"ते काय बुडालं न्हाय." शिवलिंगप्पानं नजर खाली घातली. "मला लेकरं हायेत, मकबूलमियाँ."

मकबूल बाहेर लिंबाखाली बसलेल्या अर्जनवीसाकडं गेला. तो सांगत गेला, अर्जनवीस लिहीत गेला. मधे एकदा अर्जनवीसाची लेखणी थांबली, तेव्हा मकबूल म्हणाला, "लिव्हा, लिव्हा." अर्ज असा:

'अर्जदार मकबूल, धंदा आतषबाजी, राहणार तेरखेडा, अर्ज करतो ऐसाजे. जहाज बुडालेलं नाही, हे कचेरीचं म्हणणं अर्जदारास कबूल आहे. बुडालेलं नाही, त्या अर्थी ते अजून बुडत असलं पाहिजे. हवायांत फुलं भरण्याची चूक अर्जदाराची आहे, त्यात मुलाचा कसूर नाही. सबब मेहेरबान साहेबांनी, तीनदा भोंगा देऊन पुढं गेलेल्या परक्या जहाजास मागं फिरण्याचा हुकूम फर्मावावा, आणि तिन्हीसांज सरायच्या आत ते तिथं पोचेल अशी तजवीज करावी.'