पिसेल त्याचा डाव

हबीबनं पत्ते पिसले, मोहनसिंगकडून कापून घेतले आणि गड्डी तळहातावर धरून तो रस्त्यापलीकडे बघत बसला.

"बोल न लेका," मोहनसिंग म्हणाला. "कोणता डाव?"

हबीबनं जिभेवर आलेलं नाव गिळलं.

"झब्बू," तो म्हणाला.

रामराव मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. सलग नवव्या दुपारी झब्बू! पण इलाज नव्हता. मानोऱ्यात हबीब टेलरच्या ओसरीवर कायदा एकच होता, पिसेल त्याचा डाव. ज्याच्या हातात गड्डी त्यानं खेळाचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी तो खेळायचा. तोंड वाकडं करायची मुभा होती, नाही म्हणायची नव्हती. मास्तरांच्या हाती गड्डी आली की तीनशे चार ठरलेला, कारण त्यात गणित होतं आणि शाळा सुटून चार वर्षं झाली तरी मास्तरांची गणिताची हौस फिटली नव्हती. जंगलखात्यातून सुटलेला मोहनसिंग नाकेदार ज्या खेळात आदल्या दिवशी हरला असेल तोच पुन्हा मागायचा. आणि सोमला पिसायला बसला की विचारायचीच गरज नसे. मेंढीकोट. चौघं, दोन-दोन भिडू, आणि चार दहिल्या म्हणजे चार मेंढ्या पकडायची धडपड.

दीड महिना झाला, सोमलाची जागा रिकामी होती.

तिघांसाठी पाच-तीन-दोनसारखा डाव नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तो खेळायचा तर आधी गड्डीतली लहान पानं वेचून बाजूला काढावी लागतात आणि तिघांत सरळ वाटणी करावी लागते. एकदा ती पानं काढली की त्यांच्याबरोबर सोमलाही निघाला. म्हणून त्या डावाचं नाव कोणी घेत नव्हतं. झब्बूचं बरं असतं, तिघंही खेळतात, आणि मधेच चौथा येऊन टेकला तरी अडत नाही.

चौथा काही टेकत नव्हता. तो रस्त्यापलीकडे लोहाराच्या चिंचेखाली पाठ करून बसलेला असायचा. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवून घ्यायला आलोय, असं सांगायचा. एका चाकाला धाव बसवायला दीड महिना लागत नाही हे लोहारालाही कळत होतं, पण सोमलाला कोण बोलणार? तांड्यातला मोठा माणूस, बैलाच्या अंगावरून एक नजर फिरवून त्याची खोड सांगणारा. कारंज्याच्या बाजारात माणसं त्याच्या होकारासाठी दावं हातात धरून खोळंबत.

भांडण झालं ते एका पानावरून. मेंढीकोटात उतरलेल्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकावं लागतं. नसेल तरच हुकमानं कापता येतं. त्या दुपारी हबीबनं चौकट उतरली, सोमलानं हुकमाचं पान मारलं आणि मेंढी उचलून नेली. दोन हात गेले आणि त्याच सोमलाच्या हातून चौकटची सत्ती मधे अंथरलेल्या सटईवर पडली.

"चौकट व्हती तं कापलं कसं?" हबीब ओरडला होता.

"नव्हती."

"मंग हे काय आभाळातून पडलं? लबाडी करून राह्यला तू!"

तीस वर्षांच्या दोस्तीत हबीबनं सोमलाला नाही नाही ते म्हटलं होतं. लबाड म्हटलं नव्हतं. सोमलानं ते पान उचललं, डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा खाली ठेवलं. मग हातातली सगळी पानं नीट सारखी करून सटईवर ठेवली आणि जोडे घालून निघून गेला. शिवी दिली असती तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. ती त्यानं दिली नाही, आणि तेच हबीबला खात होतं. आपण बरोबर होतो हे त्याला ठाऊक होतं. बरोबर असून इतकं वाईट वाटतं, हा अनुभव मात्र नवा होता.

नवव्या झब्बूच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोमलाची बायको धुरपताबाई कापड घेऊन दुकानात आली. नवऱ्यांचं बोलणं बंद म्हणून बायांनी शिवणं बंद करावं, असा काही नियम नव्हता.

"फेटियाचं हाये हबीबभाऊ," तिनं गाठोडं सोडलं. घागऱ्यासाठी लालभडक कापड होतं. "सुनेले साधं लाल पायजे व्हतं. आता हे काय करता येते तं पाय."

हबीबनं कापड उलगडलं. सगळ्या अंगभर तांदळाएवढी पिवळी बुटी होती.

"भाभी, हे तं बुटीचं हाये."

"मले दिसते न." ती मशीनच्या फळीला टेकली. "बजारातून त्यानंच आणलं. म्हणे, साधं लालच आणलं. दोन डाव हातावरून फिरवलं, पण बुटी दिसलीच नाही त्याले. मी म्हणलं, हौ, साधंच हाये, लय चांगलं हाये."

हबीबच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असंन. लांबचं दिसते, जवळचं सारं धुपट होते म्हणते. म्हणते म्हणजे मले नाही म्हणत, झोपेत बडबडते." ती हसली आणि लगेच पदरानं तोंड पुसलं. "बैलाचे दात तं तो बोटानंच पायते, म्हून निभून राह्यलं. पण लोकायले समजलं तं बजारात त्याले कोण इचारन? कोणाले सांगू नको भाऊ. त्याले वाटते, मले बी माईत नाही."

ती गेल्यावर हबीबनं ते लाल कापड मांडीवर घेतलं आणि डोळे बारीक करून पाहिलं. आणखी बारीक केले. बुटी विरघळली, नुसतं लाल उरलं. बदाम लाल, चौकटही लाल. सोमलानं त्या दिवशी पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं होतं ते हबीबला आठवलं, आणि त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

दुपारी मोहनसिंग आणि मास्तर येऊन बसले, तर हबीब गळ्यात टेप तशीच ठेवून अनवाणी रस्ता ओलांडत होता. चैतातली तापलेली माती होती. तो जवळजवळ उड्या मारतच चिंचेखाली पोचला.

"चाल," तो म्हणाला. "चौथा पायजे."

सोमलानं मान वळवली नाही. "लबाडाले कायले नेतं?"

"लबाड मी. त्या दिवशी ती चौकट मोहनसिंगनं टाकली व्हती. मले तुह्या हातून पडल्यासारखी वाटली."

"मोहनसिंगनं?"

हबीबनं कसम घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. खोट्या पत्त्यासाठी अल्लाला मधे ओढायचं त्याला धाडस झालं नाही.

"हौ, म्हणलं न," तो म्हणाला. "चाल आता. पाय भाजून राह्यले माहे."

सोमला बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. तो आपलं तोंड बघतोय की आपल्या मागची ओसरी, हे हबीबला कळेना. मग सोमला उठला.

दोघं ओसरीवर चढले. मास्तर सरकले, मोहनसिंगनं पाण्याचा तांब्या पुढे केला. सोमला हबीबच्या उजव्या हाताला आपल्या जुन्या जागी बसला आणि पाणी पिऊन त्यानं पहिला प्रश्न केला तो मोहनसिंगला.

"काहून बे, त्या दिवशी चौकटची सत्ती तू टाकली व्हती?"

मोहनसिंगनं तांब्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि सोमलाच्या खांद्यामागून भुवया नाचवणाऱ्या हबीबकडे पाहिलं. उभ्या जन्मात लाकूडचोरांचं खोटं पकडलेल्या त्या माणसाला स्वतःला मात्र धड खोटं बोलता येत नव्हतं.

"मी?" तो म्हणाला. "हौ. मीच असंन. म्हणजे... मीच व्हतो."

"असं," सोमला म्हणाला.

हबीबनं घाईघाईनं गड्डी उचलली आणि पिसायला लागला. मशीनवर बसून सकाळपासून त्यानं एकेक डाव मनातल्या मनात तपासला होता. मेंढीकोट नाही. लाडीस नाही, तीनशे चार नाही, बदाम सात तर नावच घेऊ नका. सगळीकडे रंग ओळखावा लागतो. रंगाशी ज्याचं काही देणंघेणं नाही, दुरीला दुरी आणि राजाला राजा जुळला की झालं, असा एकच डाव उरत होता.

"गुलामचोर," तो म्हणाला.

"काय?" मास्तर अर्धे उठले. "अरे, तो लेकरांचा खेळ आहे हबीब!"

"पिसेल त्याचा डाव."

"पण गुलामचोर! आपण चार म्हातारे!"

"मले आता पानं ध्यानात राहत नाही, मास्तर." हबीबनं पत्ते वाटता वाटता सांगितलं. "मेंढीकोट झेपत नाही. डोस्कं चालत नाही पहिल्यासारखं. लेकरायचे खेळ खेळीन आता, तुमाले खेळायचं तं खेळा."

पानं ध्यानात ठेवण्यात हबीबचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. किलवरची तिरी पाचव्या हातावर कोणी टाकली ते तो आठवडाभरानंही सांगायचा, आणि त्या गुणाचा त्याला ताठाही होता. तो ताठा त्यानं असा भर दुपारी ओसरीवर उतरवून ठेवला, तेव्हा मोहनसिंगनं आपली पानं उचलून लावायला घेतली.

खेळ झाला. एकमेकांच्या हातातली पानं ओढता ओढता चौघंही लवकरच लेकरांसारखे ओरडायला लागले. गुलाम शेवटी मास्तरांच्या गळ्यात पडला. मास्तर इतके चिडले की सोमला पोट धरून हसला. त्याचं ते खोकल्यासारखं हसणं दीड महिन्यानं ऐकलं आणि हबीबचा जीव भांड्यात पडला. आपण जिंकलो, असं त्याला वाटलं. रोज गुलामचोर खेळू, मरेपर्यंत खेळू, काय बिघडतं!

पण पिसायची पाळी उजव्या हातानं जाते. गड्डी सोमलाकडे गेली.

सोमला सावकाश पिसत राहिला. हसू त्याच्या तोंडावरून गेलं नव्हतं, पण तो आता हबीबकडे बघत होता.

"तुले पानं ध्यानात राहत नाही म्हणतं?"

"नाही राहत."

"मोहनसिंगले खोटं शिकवायचं ध्यानात राह्यलं ते?"

हबीबनं गळ्यातली टेप काढून गुंडाळायला घेतली. मोहनसिंग तांब्यात पाणी किती उरलंय ते बघू लागला.

"मेंढीकोट," सोमला म्हणाला.

"सोमला, ऐक न, आपण उद्या..."

"पिसेल त्याचा डाव. मास्तर, तुमी इकडं या माह्या जाग्यावर. आज हबीब माहा भिडू."

भिडू समोरासमोर बसतात. सोमला गुडघ्यावर हात टेकत उठला, मास्तर इकडे आले, आणि तो हबीबच्या पुढ्यात जाऊन बसला. तेरा-तेरा पानं वाटून झाली. सोमलानं आपली पानं पंख्यासारखी धरली आणि उजेडाकडे कलती केली.

मोहनसिंगनं चौकटची राणी उतरली. हबीबनं चौकटची पंजी टाकली, तीच त्याची एकुलती चौकट होती. मास्तरांनी छक्की टाकली. राहिला सोमला.

समोर लोहाराचा घण वाजत होता. सोमला पानांवरून बोट फिरवत होता. मग त्यानं हातातून तीन पानं उपसली आणि हात सटईवरून सरळ पुढे केला. पानांची तोंडं हबीबकडे होती.

"भिडू," तो म्हणाला, "हे तीन लाल हाये. ह्यातली चौकट कोणती, पाय बरं. मले नाही समजत आता."

भिडूला पान दाखवणं म्हणजे मास्तरांच्या लेखी खुनाखालोखालचा गुन्हा. त्यापायी त्यांनी पूर्वी दोन डाव उधळले होते. मास्तरांनी चष्मा काढला, भिंतीकडे तोंड केलं आणि धोतराच्या सोग्यानं काचा पुसायला घेतल्या. मोहनसिंग वाकून जोड्यातला खडा शोधू लागला. दोघांनाही कोणी काही सांगितलं नव्हतं.

हबीबनं पाहिलं. दोन बदाम होते. मधे चौकटची दहिली, म्हणजे मेंढी होती आणि सटईवर मोहनसिंगची राणी बसलेली. एकही चौकट नाही, काप, एवढं म्हणायचा अवकाश होता. मेंढी वाचली असती, हातही आला असता, आणि त्या घटकेला ओसरीवरच्या कोणाच्याही ते लक्षात आलं नसतं. सोमलाच्या तर नाहीच.

पुढे केलेला तो हात तसाच होता. बैलांच्या जबड्यात घालून घालून खरखरीत झालेला हात. 

"मधली," तो म्हणाला. "मेंढी हाये."

"गेली म्हण न मंग."

"गेली."

सोमलानं मधलं पान काढलं आणि न बघता राणीवर टाकलं.