वाळवंट हिरवं झालं तेव्हा

मी एक जुनी रंगपेटी आहे, मित्रांनो. सागवानी, पितळी कडीची. एका सुताराने मला घडवलं, पोटात चोवीस कप्पे केले. एका चित्रकाराने मला विकत घेतलं आणि माझं सारं आयुष्य वाळवंटात गेलं.

चित्रकाराला सगळे दादा म्हणत. त्याचा धाकटा भाऊ जीप चालवी, छत्री रोवी, मला खांद्यावर घेऊन वाळूच्या टेकड्या चढे. मातीची घरं, खुरटी झुडपं, विहिरीवर वाकलेल्या बायका असं काही दिसलं की दादा जीप थांबवायला सांगे. दोन तासांत ते सारं चित्रात उतरे. दादाच्या हातात जादू होती. जिभेला मात्र हाड नव्हतं.

एकदा धाकट्याने पुठ्ठ्यावर मेंढपाळाची झोपडी रंगवली. चांगली उतरली होती. शहरातून पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर त्याने ती लाजत पुढे केली. दादाने पुठ्ठा घेतला, त्यावर आपला ओला ब्रश पुसला आणि परत दिला.

"तू ओझी वाहा. तेवढं बरं जमतं तुला."

पाहुणे हसले. धाकटाही हसला. पुढे वीस वर्षं त्याने ब्रशला हात लावला नाही.

मग दादाची नजर अधू झाली. आकार कळत, ऊन-सावली कळे. पण सगळे रंग मळक्या चहासारखे दिसत. ट्यूबवरची अक्षरं तर लागतच नसत. डॉक्टरकडे जायला तो तयार होईना. ही गोष्ट त्याने फक्त धाकट्याला सांगितली. आता दादा रंगाचं नाव घेऊन हात पुढे करी आणि धाकटा माझ्यातून ट्यूब काढून देई.

वर्षभर त्याने बरोबर दिली. एका सकाळी छत्री वाकडी रोवली म्हणून दादाने त्याला वाटाड्यादेखत गाढव म्हटलं, आणि लगेच वाळूसाठी पिवळा मागितला. धाकट्याची बोटं माझ्या कप्प्यांवर थबकली. मग त्याने हिरवा उचलला. मी काय करणार? माझ्या बिजागऱ्या कुरकुरल्या, एवढंच.

अशी बारा चित्रं झाली. हिरवी वाळू, गुलाबी आभाळ, जांभळ्या बायका. प्रदर्शनात आधी कुणीतरी खुदकन हसलं आणि हसू दालनभर पसरलं. मलाही तिथे चित्रांजवळ ठेवलं होतं; म्हातारा चळला, असं माझ्या शेजारीच कुणीतरी बोललं. दादा नवा कोट घालून मधोमध उभा होता.

जीपमध्ये बसल्यावर त्याने विचारलं, "एवढे का रे हसत होते सगळे?"

धाकट्याने किल्ली फिरवली. "खूश झाले, दादा."

दादाने धाकट्याचा गुडघा थोपटला. "तुझ्यामुळे झालं हे."

असं तो जन्मात पहिल्यांदा म्हणाला. धाकट्याला जीप सरळ चालवता येईना.

त्यानंतर त्याने प्रत्येक ट्यूब दोनदा वाचून दिली. दादाने मरेपर्यंत सुंदर चित्रं काढली. ती लावायला एकही दालन मिळालं नाही, आणि का ते त्याला कधीच कळलं नाही.

आता मी माळ्यावर आहे. माझ्यातले रंग दगड झालेत. धाकटा वर येतो, झाकण उघडतो आणि तसाच बसून राहतो. मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आपल्या माणसाशी असं वागू नका, की तुमचं वाईट करताना त्याला एक दिवस बरं वाटेल.